अण्णांची गॅलार्डो आणि सेंट्रिंगच्या फळ्या

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय कोट्यवधींच्या स्पोर्ट्‌स कारचा आहे, म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. अशी गाडी तुमच्या-माझ्या दारात उभी राहायची नाही, हे मान्य. पण रविवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकात ती आपल्या स्कूटरशेजारून जातेच ना? तेव्हा ती कशी चालवावी, यात आपलाही जीव गुंतलेला असतो.

माझे एक स्नेही आहेत, त्यांना आपण अण्णा म्हणू. भोसरीत आयुष्यभर फाउंड्री चालवली, ती मुलाच्या हाती दिली आणि साठी उलटल्यावर लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेतली. सेकंडहँड, पिवळीधमक, दहा सिलिंडरची. सोसायटीत कुजबुज व्हायची ती झाली. मला मात्र अण्णांचं एक आवडलं, त्यांनी गाडीवर कव्हर घातलं नाही. आपल्याकडे सोफ्याला प्लॅस्टिक, रिमोटला प्लॅस्टिक, आणि चांगला डिनर सेट पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात. पाहुणे आले की बाहेर येतात स्टीलच्याच ताटल्या! वस्तू वापरायला घेतो की झाकायला? असो.

अण्णा पहाटे साडेपाचला निघतात. मी दोन-तीनदा शेजारी बसलो आहे. बसलो म्हणजे उतरलो, विहिरीत उतरावं तसा. पहिली दहा-पंधरा मिनिटं ते गाडी अशी हळू नेतात की दूधवाला पुढे जातो. मी विचारलं, तर म्हणाले, "आधी तेल गरम, मग पाय." डॅशबोर्डवर पाणी तापलेलं लवकर दिसतं, इंजिनातलं तेल मात्र मागाहून तापतं. थंड तेलावर इंजिन ताणलं की झीज होते. टायरचंही तसंच, गार रबर रस्ता नीट धरत नाही. आधी तेल गरम, मग पाय. तुमच्या अल्टोलाही हेच लागू आहे बरं का.

तर एका रविवारी आम्ही भूगाव, पिरंगुट, पौड असे ताम्हिणीकडे निघालो होतो. पावसाळा नुकता सरलेला, भातखाचरं पिवळी पडू लागलेली. पौडच्या पुढे एका वाडीपाशी नवाकोरा गतिरोधक. आदल्या आठवड्यात नव्हता. ना पांढरे पट्टे, ना पाटी. आता, गतिरोधक कसा असावा याचे मापदंड इंडियन रोड्‌स काँग्रेसने घालून दिलेले आहेत: उंची 10 सेंटीमीटर, आणि रुंदी 3.7 मीटर. म्हणजे अलगद चढ, अलगद उतार. हा होता डांबराचा ओंडका. आणि गॅलार्डोचं पोट जमिनीपासून फार तर अर्धी वीत.

अण्णांनी गाडी तिरकी घेतली. तिरकी घ्यायची असते, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. पुढची चाकं पार झाली आणि खालून आवाज आला: खर्रर्र. अण्णांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचंच पोट घासलं. पुढे घ्यावी तर खर्रर्र, मागे घ्यावी तर खर्रर्र. या गाडीत क्लचचं पेडल नाही, पण आत क्लच आहेच. अडकलेली गाडी रेटत राहिलं की तो जळतो. तसा वास यायला लागल्यावर अण्णांनी इंजिन बंद केलं, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि आम्ही दोघं रस्त्यात उभे.

पाच मिनिटांत वाडी जमली. पोरं सगळ्यांत पुढे. एक आजोबा ट्रॅक्टरवरून आले, उतरले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वाकून खाली बघत म्हणाले,

"पाव्हणं, हायड्रोलिक न्हाई का हिला?"

आता गंमत अशी की आहे! गाडीचं नाक वर उचलायचं बटण असतं. पण अण्णांच्या गाडीतला तो पंप सहा महिन्यांपूर्वी गेला होता, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून अण्णांनी 'बघू पुढे' म्हटलं होतं.

"आहे आबा, पण बंद आहे."

"मंग काय उपेग?"

मी उगाच माहिती पुरवली, की आबा, या कंपनीचा मूळ मालक इटलीतला, आणि त्याने आधी ट्रॅक्टर बनवले. 1948 पासून ट्रॅक्टर, आणि 1963 मध्ये मोटारींचा कारखाना. आबांची नजरच बदलली. मघापासून ते गाडीकडे पाहत होते, आता तपासू लागले. मागे गेले, इंजिनावरच्या काचेतून डोकावले आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"मंग पीटीओ कुठाय?"

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं फिरवणारा दांडा. श्रोतेहो, अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आबांनी ट्रॅक्टरने ओढायची तयारी दाखवली. अण्णांनी हात जोडले. मग आबांनी शेजारी चाललेल्या घराच्या बांधकामावरून सेंट्रिंगच्या फळ्या आणवल्या. चारही चाकांपुढे एकावर एक दोन-दोन फळ्या. सिमेंट लागलेल्या, एकीला वाकडा खिळा. तो आबांनी दगडाने ठोकून बसवला. अण्णा आत बसले, आबा समोर उभे राहून हाताने खुणा करू लागले, बैलगाडी मागे घेताना करतात तशा. इंच, इंच, इंच. चाकं फळ्यांवर चढली, पोट उचललं गेलं आणि गाडी सुटली.

पोरांनी गिल्ला केला, "काका, आवाज काढा! आवाज काढा!" अण्णांचा पाय शिवशिवला असणार, कोणाचाही शिवशिवेल. तेवढ्यात आबा म्हणाले, "आवाज नगं. म्हस कालच व्याली हाय, बुजंल." अण्णांनी गाडी वाडीबाहेरपर्यंत अशी नेली की मागे चालणारी पोरं तिला गाठत होती.

आता मला इथे सातच मिनिटं दिली आहेत आणि त्यातली चार वाडीतच गेली, तेव्हा बाकीचं भराभर. ताशी 100 म्हणजे एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर. पीएमपीच्या दोन लांब बस पाठोपाठ उभ्या केल्या तर त्याहून जास्त. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं, की चार बसइतका रस्ता तुम्ही डोळे मिटून गेलात. आणि वेग दुप्पट केला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. दुप्पट नाही, चौपट. ब्रेक कितीही भारी असोत, समोर म्हैस आल्यावर तिला ते ठाऊक नसतं.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा 100 ची, घाटात त्याहून कमी. या गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच शंभरीला पोचतात, मग उरलेले गिअर कशाला? त्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी स्पीडवे आहे. ट्रकवर घालून न्या आणि तिथे हौस भागवा. रात्री फर्ग्युसन रस्त्यावर सायलेन्सर फोडणाऱ्यांबद्दल मी रेडिओवर बोलू शकत नाही, कारण माझी भाषा घसरेल.

मे 2024 मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या महागड्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. एवढंच सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. अण्णांचा नातू सोळाचा आहे. किल्ली अण्णांच्या उशाशी असते.

पंप अण्णांनी अजून दुरुस्त केलेला नाही. गॅलार्डोचं इंजिन मागे, त्यामुळे डिकी पुढे. त्या डिकीत आता त्यांच्या स्वतःच्या सागवानी फळ्या असतात, वहिनींच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या. आणि दर रविवारी परतताना फळ्यांशेजारी आबांकडचं दोन लिटर म्हशीचं दूध. वळणावर एकदम ब्रेक मारला की किटली कलंडते, म्हणून अण्णा वळणाआधीच वेग उतरवतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरवतात. त्यांना असं चालवताना पाहून मला वाटतं, गाडीची खरी मजा आता त्यांना कळली आहे. एकदाच चुकलं, पिरंगुटच्या उतारावर एक कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं. गाडीला मात्र गणपती येऊन गेले तरी दह्याचा वास होता.

नमस्कार.