ऑस्ट्रेलिया: समवर्ती सूची पाठ आहे, पण राज्यसूची कुठे आहे?

नमस्कार मंडळी. मागे भारतीय संविधानाच्या स्रोतांवर व्हिडिओ केला होता. त्याखाली तुम्ही सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा: "ताई, ऑस्ट्रेलियाकडून समवर्ती सूची घेतली, एवढं लिहिलं की पुरे ना?"

(समवर्ती सूची म्हणजे ज्यांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात अशा विषयांची यादी.) पूर्व परीक्षेत पर्याय निवडायचा असेल तर पुरे. पण हे एका ओळीचं उत्तर मला फार खटकतं. ते पाठ करून माणूस समजतो की ऑस्ट्रेलियाचं संघराज्य म्हणजे आपल्यासारखंच, फक्त कांगारूंचं. तसं ते अजिबात नाही. म्हणून आज थोडा वेळ काढून बसा.

(पडद्यावर नकाशा)

आधी पटापट. क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या दुपटीहून मोठं. लोकसंख्या २.७ कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाएवढीही नाही. सहा राज्यं: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, टास्मानिया. मुख्य भूमीवर स्वतःची विधानसभा असलेले दोन प्रदेश: नॉर्दर्न टेरिटरी आणि राजधानीचा प्रदेश. संघराज्य झालं १ जानेवारी १९०१ ला. राजधानी कॅनबरा. सिडनी आणि मेलबर्न दोघींनाही ती हवी होती, म्हणून संविधानातच लिहिलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर. आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. संसद कॅनबऱ्यात गेली ती १९२७ मध्ये. झालं.

आता नकाशात मधला भाग बघा. तपकिरी. त्यावर एक कमेंट वारंवार येते: "पूर्वेला डोंगररांग आहे, पाऊस अडतो, म्हणून मागे वाळवंट." सह्याद्री डोळ्यासमोर आहे ना आपल्या! महाबळेश्वरला कोसळतो आणि तिथून थोडं पूर्वेला, माण-खटावला टँकर लागतो. ग्रेट डिव्हायडिंग रेंजही तेच करते, पॅसिफिककडून येणारं बाष्प पूर्व उतारावर रिकामं होतं, हे खरं. पण तेवढ्याने एवढा मोठा खंड कोरडा पडत नाही. ही रांग काही फार उंच नाही. तिथलं सर्वोच्च शिखर कोशियुस्को २,२२८ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. खरं मोठं कारण आकाशात आहे. साधारण ३० अंश दक्षिणेच्या पट्ट्यात हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते, आणि ढग बनूच देत नाही. मकरवृत्त या खंडाच्या मधून जातं आणि खंडाचा मोठा भाग नेमका त्या उपोष्ण जास्त दाबाच्या पट्ट्याखाली येतो. सहारा आणि कलहारीचीही तीच गोष्ट. उत्तरात दोन्ही कारणं लिहा, आणि दाबाचा पट्टा आधी लिहा.

या कोरडेपणाचा सरकारशी काय संबंध? सगळा संबंध तिथेच आहे.

वस्ती किनाऱ्याला चिकटली. सिडनी १७८८, होबार्ट १८०४, पर्थ १८२९, मेलबर्न १८३५, अ‍ॅडलेड १८३६. प्रत्येक वसाहत म्हणजे एक बंदर आणि त्या बंदरामागचा मुलूख. पर्थ ते अ‍ॅडलेड विमानाने सरळ गेलात तरी दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये नलारबॉरचं झाडही नसलेलं पठार. पर्थच्या माणसाला लंडन जहाजाने जोडलेलं होतं, तसं सिडनीही जहाजानेच. (हजारो वर्षांपासून या सगळ्या भूमीवर मूळ रहिवाशांचे शेकडो समाज राहत होते आणि त्यांच्या वाटा याच कोरड्या भागातून जात होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यावर स्वतंत्र व्हिडिओ करणार आहे, दोन वाक्यांत तो विषय उरकायचा नाही.)

मग या वसाहती १९०१ च्या आधी काय होत्या? जवळपास वेगवेगळे देश. प्रत्येकीचं स्वतःचं संविधान, स्वतःची संसद, स्वतःची जकात. मरे नदीच्या काठाने जकात नाकी होती! आणि स्वतःची रेल्वे, स्वतःच्या मापाची.

इथे मला माझे आजोबा आठवतात. ते मिरज स्टेशनात पार्सल ऑफिसला होते. १९७० च्या दशकातलं मिरज म्हणजे तीन गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तीन मापं, एका जागी: ब्रॉडगेज पुणे-कोल्हापूरकडे, मीटरगेज बेळगाव-हुबळीकडे, नॅरोगेज पंढरपूर-कुर्डुवाडीकडे. आजोबा सांगायचे, गुळाच्या ढेपा एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायच्या; त्यात वेळ जायचा, ढेपा फुटायच्या, हमालांच्या पाठी मोडायच्या. लहानपणी मला वाटायचं ही फक्त आमच्या मिरजेची गोष्ट.

ऑस्ट्रेलियात दोन सगळ्यात मोठ्या शहरांच्या मधोमध हेच होतं. न्यू साउथ वेल्सचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, व्हिक्टोरियाचे १,६०० चे, क्वीन्सलँडचे १,०६७ चे. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाचे रूळ १८८३ मध्ये मरे नदीपाशी ऑलबरीला भेटले आणि तिथे प्रवासी उतरून गाडी बदलू लागले. देश एक झाला १९०१ मध्ये. सिडनी-मेलबर्न एकाच मापाच्या रुळांवर थेट गाडी सुरू झाली १९६२ मध्ये. एकसष्ट वर्षं! का लागली, याचं उत्तर म्हणजेच आजचा मुद्दा.

(कॅमेऱ्याजवळ)

नीट ऐका, कारण सगळे इथेच घसरतात. आपल्या सातव्या परिशिष्टात तीन सूच्या आहेत: संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. ऑस्ट्रेलियाच्या संविधानात राज्यसूची नाहीच. तिथे कलम ५१ आहे. त्यात केंद्रीय संसदेला ३९ विषय दिले आहेत: संरक्षण, चलन, टपाल, विवाह, स्थलांतर, अगदी दीपगृहंसुद्धा. त्यातल्या बहुतेक विषयांवर राज्यंही कायदा करू शकतात, म्हणून ते समवर्ती. दोन्ही कायदे भिडले तर कलम १०९ नुसार केंद्राचा टिकतो. आणि जे यादीत नाही ते? शाळा, दवाखाने, पोलीस, जमीन, पाणी, खाणी? ते राज्यांकडे होतंच, राज्यांकडेच राहिलं. कलम १०७ तेच सांगतं. शेषाधिकार राज्यांचे. आपल्याकडे शेषाधिकार संसदेचे, कलम २४८. बरोबर उलटं.

रेल्वे घ्या. कलम ५१ मध्ये रेल्वे आहे, पण कशी? केंद्राला एखाद्या राज्यात रेल्वे बांधायची किंवा राज्याची रेल्वे घ्यायची तर त्या राज्याच्या संमतीने. म्हणून एकसष्ट वर्षं.

दुसऱ्या बाजूने सांगते. आपल्याकडे आहे ते वाटणीपत्र. वडिलांच्या नावावर जमीन, त्यांनी लिहून दिलं, हे तुझं, हे माझं, हे दोघांचं, आणि लिहायचं राहिलं ते माझं. तिकडे सहा शेतकऱ्यांनी मिळून सामाईक विहीर काढली आहे. विहिरीच्या पंचांना काय अधिकार? मोटर, पाळी, दुरुस्ती, जेवढं कागदावर सोपवलं तेवढंच. माझ्या बांधावर कोणतं झाड लावायचं हे पंच मला सांगत नाहीत. "बांधावरचं झाड माझं" असं लिहिण्याचीही गरज पडत नाही. म्हणूनच राज्यसूची नाही! हे डोक्यात बसलं की पाठांतर करावं लागत नाही.

तिसऱ्या बाजूने, आपल्या स्वतःच्या राज्यावरून. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यामागे केवढं आंदोलन झालं, किती रक्त सांडलं, आपण सगळे जाणतो. पण कायद्याने तो झाला संसदेच्या पुनर्रचना कायद्याने. कलम ३ नुसार राज्याचं मत मागवावं लागतं, ते संसदेवर बंधनकारक नाही. ऑस्ट्रेलियात कलम १२३ बघा: राज्याची सीमा बदलायची तर त्या राज्याच्या संसदेची संमती हवी, आणि त्या राज्यातल्या मतदारांचा बहुमताने कौल हवा.

एका दादांनी लिहिलं होतं, "ताई, एवढं खोल परीक्षेत विचारत नाहीत." दादा, मुख्य परीक्षेत तुलना विचारतात. आणि विचारली नाही तरी, जे आपण लिहितो ते आपल्याला कळलेलं असावं, एवढं तरी आपण स्वतःचं देणं लागतो.

हे पुस्तकाबाहेर मी अनुभवलं ते २०२० मध्ये. माझी मामेबहीण पर्थला राहते, तिचा नवरा तेव्हा कामासाठी मेलबर्नला होता. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने स्वतःची सीमा बंद केली. देशाची नाही, राज्याची! मार्च २०२२ पर्यंत ती कमी-जास्त कडकपणे बंद-उघड होत राहिली. मुलगी बाबांना स्क्रीनवर बघून मोठी होत होती. मामी इकडे सांगलीत रडायच्या आणि मला विचारायच्या, "अगं, एकाच देशात ना दोघं? मग पंतप्रधान का नाही सांगत उघडा म्हणून?" पंतप्रधानांच्या हातात ते नव्हतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं (तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणजे हायकोर्ट, नाव बघून गोंधळू नका). राज्यांमधला व्यापार आणि येणं-जाणं मुक्त राहील असं कलम ९२ म्हणतं. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने राज्याची बंदी वैध ठरवली. मामींना मी कलमं सांगितली नाहीत. विहिरीचं उदाहरण मला तेव्हाच सुचलं.

आता पाणी. मरे नदी २,५०० किलोमीटरच्या आसपास, डार्लिंग तिला मिळते, खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं. उगम पूर्वेच्या डोंगरात, मुख साउथ ऑस्ट्रेलियात. वरच्या राज्यांमध्ये कापूस, भात, द्राक्षं. अगदी शेपटाला अ‍ॅडलेड, जे पाइपलाइनने याच नदीचं पाणी पितं. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला वरचं राज्य आणि खालचं राज्य म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. आणि कलम १०० म्हणतं, नद्यांच्या पाण्याचा सिंचनासाठी वाजवी वापर करण्याचा राज्याचा हक्क केंद्राने व्यापारविषयक कायद्याने कमी करायचा नाही. त्यामुळे सगळं करारावर. पहिला मोठा करार १९१४-१५ चा, केंद्राचा पाणी कायदा २००७ चा, खोऱ्याची योजना २०१२ ची. शतकभराची बोलणी, आणि मधल्या काळात नदी इतकी आटली की समुद्राकडचं मुख उघडं ठेवायला २००२ पासून काही वर्षं वाळू उपसावी लागली. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेनिंडीला डार्लिंगमध्ये लाखो मासे मेले. ते फोटो मी पाहिले तेव्हा दोन दिवस काही सुचलं नाही.

म्हणजे तिथलं केंद्र दुबळं का? नाही, आणि उत्तर लिहिताना हे विसरू नका. कागदावरचे अधिकार राज्यांचे, पण तिजोरी केंद्राची. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, केंद्राने आयकर एकट्याकडे घेतला, न्यायालयाने मान्य केला, आणि तो परत गेला नाही. कलम ९६ नुसार केंद्र राज्यांना अटी घालून अनुदान देऊ शकतं. शाळा राज्याच्या, पण पैशाला अटी केंद्राच्या. २००० मध्ये आलेला जीएसटीही केंद्र गोळा करतं आणि राज्यांत वाटतं. १९८३ मध्ये टास्मानियाला गॉर्डन नदीवर, फ्रँकलिन नदी तिला मिळते त्याच्या खाली, धरण बांधायचं होतं. ते राज्याच्याच अखत्यारीत. पण जागतिक वारशाचा आंतरराष्ट्रीय करार केंद्राने केलेला, आणि परराष्ट्र व्यवहार कलम ५१ मध्ये. न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा मतांनी केंद्र जिंकलं. धरण झालं नाही.

पर्थच्या लोकांना हे सगळं फार आधीपासून सलतं. संघराज्यात सगळ्यात शेवटी आले तेच. इतक्या उशिरा की संविधान कायद्याच्या प्रस्तावनेत बाकी पाच वसाहतींची नावं आहेत, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं नाही. १९३३ मध्ये तिथल्या जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. ब्रिटिश संसदेने तो अर्ज विचारात घ्यायला नकार दिला.

संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीबद्दलही विचारलंत, तीही आपण तिकडूनच घेतली. फरक एवढाच की तिथे आधी दोन्ही सभागृहं विसर्जित होतात, निवडणूक होते, आणि तरीही तेच विधेयक अडलं तर बैठक. आजवर एकदाच झाली, १९७४ मध्ये. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याचे बारा सदस्य. टास्मानियाचे सहा लाखांच्या आतले लोक आणि न्यू साउथ वेल्सचे ऐंशी लाखांहून जास्त, दोघांचेही बाराच. प्रदेशांचे दोन-दोन.

शेवटचा प्रश्न पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचा, आणि तो मला फार आवडला: "राज्य आणि टेरिटरी यांत खरा फरक काय, नावाचाच ना?" नाही गं. नॉर्दर्न टेरिटरीच्या विधानसभेने १९९५ मध्ये मरणासन्न रुग्णांना स्वेच्छामरणाचा हक्क देणारा कायदा केला. कायदा लागू झाला, काही रुग्णांनी तो वापरलाही. १९९७ मध्ये केंद्रीय संसदेने टेरिटरींचा तो अधिकारच काढून घेतला. कारण प्रदेशांवर, कलम १२२ नुसार, केंद्राचा पूर्ण अधिकार. व्हिक्टोरियाने २०१७ मध्ये तशाच विषयावर कायदा केला, त्याला केंद्र असा हात लावू शकलं नाही. प्रदेशांवरची बंदी उठली २०२२ मध्ये. तेरा लाख चौरस किलोमीटरहून मोठा नॉर्दर्न टेरिटरीचा मुलूख, महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. १९९८ मध्ये राज्य व्हायचं का म्हणून तिथल्या लोकांना विचारलं, तेव्हा थोडक्या फरकाने "नको" असं उत्तर आलं. म्हणून नकाशावर त्याचं नाव अजून टेरिटरीच आहे.