दहा काड्यांची मोळी

(दृश्य: दुसरीचा वर्ग. फरशीवर काड्या पसरलेल्या.)

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. आज दुसरीत दशक चाललंय. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झाला एक दशक. बाईंनी गठ्ठा वर धरला आणि विचारलं, "हे काय?"

मागून उत्तर आलं, "मोळी!"

पोराचं काय चुकलं? त्याचे आई-वडील आत्ता कोल्हापूरकडच्या एका फडात उसाच्या मोळ्याच बांधतायत.

दिवाळी झाली की वाडी ओस पडते. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांजवळ असतात, जेवण शाळेच्या हंगामी वसतिगृहात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक लागतात. पण जानेवारीतल्या बैठकीला इथं येणार कोण? वहीत पालकांच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा असतो.

बाईंनी सहीचा आग्रह सोडला. संध्याकाळी फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, चुली पेटायच्या वेळेला त्या मोबाइलवर दोन मिनिटं बोलतात आणि तो आवाज पालकांच्या गटावर पाठवतात. लिहिलेलं वाचून दाखवायला माणूस शोधावा लागतो. आवाज भाकरी थापतानाही ऐकता येतो.

(बाईंचा आवाज)

"ताई, दादा, नमस्कार. आज आपण दशक शिकलो. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या म्हणजे त्रेसष्ट. मुलं 'साठ तीन' असंही म्हणतील. रागावू नका, तेही बरोबर आहे."

हे सांगावं लागतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जोडीला अशी संख्यानामं आली, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. मुलांची अडचण मात्र खरी आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी येतो. म्हणून कितीतरी मुलं ६३च्या जागी ३६ लिहून मोकळी होतात. पालकांना हे कुणी समजावून सांगितलं, तर घरी पाठीत धपाटा बसत नाही. आमच्या मते बाईंच्या त्या दोन मिनिटांचं मोल इथंच आहे.

"आणि आजचा घरचा अभ्यास. मुलं तुम्हाला फोन करतील आणि विचारतील, एका मोळीत ऊस किती बसतात? सांगा त्यांना."

रात्री उशिरा गटावर एक उत्तर आलं. मागं ट्रॅक्टरची घरघर, एक बाई दमलेल्या आवाजात बोलतेय.

"बाई, त्याचं काय नक्की नसतं. ऊस जाड असला की कमी, बारीक असला की जास्त. डोक्यावर पेलंल येवढी बांधायची. पण दहाच्या वरच असत्यात. त्याला म्हणावं, जेवला का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो आवाज वर्गात लावला. मुलानं शेवटपर्यंत ऐकला. मग समोरचा गठ्ठा सोडून काड्या पुन्हा एकेक मोजल्या. दहाच होत्या.

"बाई, ह्यो दशकच हाय," तो म्हणाला. "माझ्या आईची मोळी लई मोठी असती."