आत्याच्या भिंतीवरचं कालनिर्णय

(दृश्य : हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव)

माझी आत्या हर्णैच्या या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं मासळी घेते. पाटीत वर मोठी आणि खाली बारीक मासळी भरली असेल, तर तिला लांबूनच कळतं.

(दृश्य : स्वयंपाकघराची भिंत)

काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतं, म्हणून निभावतंय. आत्याला दुधाचे खाडे मांडायची सवय. डायलिसिसच्या दिवशीही ती कालनिर्णयवर फुली मारते. पावसाळ्यात जगबुडी नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, एसटी दापोलीहून पुढे गेलीच नाही. त्या चौकोनात तिने लिहिलं, ‘खाडा’.

महिनाअखेर रुग्णालयाने सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर त्या तारखेलाही डायलिसिस झालेलं होतं.

आत्याने सही केली नाही.

प्रत्येक डायलिसिसचे पैसे रुग्णालयाला योजनेतून मिळतात. न झालेला उपचार लावायचा, साधा आजार मोठा दाखवायचा, वर रुग्णाकडूनही औषधांच्या नावाखाली पैसे घ्यायचे, अशा या पैसे लाटायच्या वाटा. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात आयुष्मान भारत योजनेतलं एक उदाहरण आहे. नोंदींत आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते.

तपासणी होते. ऑनलाइन मंजुरी असते, रिपोर्ट जोडावे लागतात, राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचा फसवणूकविरोधी कक्ष संशयास्पद क्लेम हुडकतो. पण त्या दिवशी एसटी दापोलीत अडकली होती, हे दिल्लीतल्या संगणकाला कुठून कळणार? प्रत्येक क्लेमचा मेसेज रुग्णाच्या मोबाइलवर त्याच दिवशी, मराठीत यायला हवा. खात्यातून शंभर रुपये गेले तरी बँक कळवतेच ना?

आत्या कालनिर्णयचं पान काढून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे गेली. १५५३८८ या हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. रात्रभर तिला झोप नव्हती. उद्या यांना मशीनवर घेतलंच नाही तर? याच धास्तीने कितीतरी जण मुकाट सही करतात, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

नोंद दुरुस्त झाली. पुढच्या पाळीला काका नेहमीच्या खाटेवर होते.

(दृश्य : पुन्हा तीच भिंत)

पान आत्याने चिकटपट्टी लावून परत जागेवर बसवलंय. शुक्रवारच्या चौकोनात नवी फुली आहे.