फुगा चपटा का झाला?

विषय दिलाय ‘जुन्या आउटबोर्डला इंधनाचा फिल्टर कसा जोडावा’, आणि वेळ वीस मिनिटं. जोडायला खरं तर पंधराच लागतात, म्हणजे पाच मिनिटं माझी. बोटीच्या मागे लावलेली ही मोटर भर पाण्यात बंद पडल्यावर काय वाटतं, हे तुम्हा बोटवाल्यांना सांगायला नको. ज्याची कधीच बंद पडली नाही असं कुणी आहे का इथे? एक हात वर आलाय. नवी घेतलीय वाटतं. असू दे, भेटू पुन्हा.

माझी मोटर दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, माझ्या लग्नाच्याही आधीची. एका झटक्यात सुरू व्हायची. काठाजवळ हळू चालवली तर कसलीच कुरकुर नाही. पूर्ण थ्रॉटल दिला की पाच-सात मिनिटांत धापा टाकायची, मिसिंग करायची आणि बसायची. दहा मिनिटं वल्ही मारली की पुन्हा गुणी बाळासारखी सुरू! मेकॅनिककडे नेली. त्यानं कार्बोरेटर उघडला, साफ केला, पैसे घेतले. महिनाभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर त्यानं जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी, माझ्या हातावर ठेवलं, “बघा किती कचरा!” मीही कौतुकानं बघितला. हा कचरा येतो कुठून, हे ना त्यानं विचारलं ना मी. नळ वाहतोय आणि आम्ही दोघं फरशी पुसतोय. त्याला निदान पुसण्याचे पैसे मिळत होते.

शेवटी मला शहाणं केलं रबरी फुग्यानं, म्हणजे टाकीच्या नळीवरच्या, हातानं दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या प्रायमर बल्बनं. एकदा मोटर धापा टाकत असताना माझी नजर त्याच्यावर गेली, तर तो चपटा! पुढे पंप ओढतोय आणि मागून पेट्रोल येत नाही, म्हणजे तुंबलंय ते फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. आधी टाकीच्या झाकणाचा वायुमार्ग बघितला, उघडा होता. मग आतली ओढनळी काढली. तिच्या टोकाच्या जाळीवर तपकिरी साय धरलेली. ओढ जोरात लागली की साय जाळीला घट्ट चिकटायची. मोटर थांबली की सुटून खाली बसायची. म्हणून तो दहा मिनिटांचा चमत्कार. आणि बारीक गाळ जाळीतून निसटून थेट जेटमध्ये.

आता माझा आवडता मुद्दा. फिल्टर कचऱ्यासाठी लावतात असं सगळे म्हणतात. टू-स्ट्रोकमध्ये तो तेलासाठी लावायचा! इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. जुन्या मोटरींना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल, नंतरच्यांना ५०ला १. जेट अर्धं तुंबलं की पेट्रोल अर्धं होतं आणि तेलही अर्धं. इंजिन तापतं, पिस्टनवर ओरखडे उठतात, कधी जामच होतं. पाण्याचंही तसंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि ओढनळीचं तोंडही तळाशीच. त्यात इथेनॉल असलं की ते पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून वेगळे होऊन खाली बसतात. तेल राहतं वरच्या पेट्रोलबरोबर. असं झालं तर फिल्टरच्या भरवशावर राहू नका, टाकी रिकामी करा.

१९०९मध्ये ओले एव्हिनरूडनं आउटबोर्ड विकायला काढली. वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळलं म्हणून त्याला मोटर सुचली अशी दंतकथा आहे. खरं असो-नसो, मला ती... चिठ्ठी आली. ‘५ मि.’ बरं.

तर जोडणी. आधी आपली मोटर ओळखा. टाकी मोटरच्या अंगावरच असेल तर पेट्रोल नुसतं उतारानं येतं. तिथे दाट फिल्टर लावलात तर थेंबथेंब येईल, साधी जाळीच हवी. टाकीपासून दोन नळ्या येत असतील तर जपून! एकीतून मोटर टाकीत हवा दाबते, दुसरीतून पेट्रोल येतं. फिल्टर फक्त पेट्रोलच्या नळीवर, आणि दाब सोसणारा. बाकी बहुतेकांची एक नळी आणि डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा पंप. तो क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्याची ओढ बेताचीच. लहान मोटरीला आरपार दिसणारा छोटा फिल्टर पुरे, काचेचा मात्र नको. मोठ्या मोटरीला पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा डबा, उभा आणि मोकळ्या हवेत. केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. फिल्टरची तोंडं नळीच्या मापाची घ्या, ५/१६ किंवा ३/८ इंच, जे असेल ते. नळी कडक नाहीतर चिकट झाली असेल तर तीही बदला, नाहीतर तिच्या आतले पापुद्रे फिल्टरच्या पुढे जाऊन पडतील.

जागा? मी टाकी आणि फुगा यांच्यामध्ये लावतो. फिल्टर तुंबला की फुगा चपटा होतो आणि चुगली करतो. पण तिथले सांधे ओढीवर असतात. ढिले राहिले तर पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते. मोटर चालू असताना फिल्टरमध्ये बुडबुड्यांची रांग दिसली तर क्लिपा आवळा, नळी कापली जाईल इतक्या नव्हे. फुग्यापुढचे सांधे फुगा कडक होईपर्यंत दाबून तपासा. कुठे ओल किंवा वास आला तर दोरी ओढू नका.

आणि फिल्टरवरचा बाण मोटरकडे. हसू नका, माझा पहिला फिल्टर उलटा बसला होता, आणि त्या दिवशी बोटीत सासरे... बरं बरं, दुसरी चिठ्ठी आली. हिच्यावर नुसतं ‘सर’ लिहिलंय.