अर्वाइनचे ट्रेल आणि खाऊन टाकलेली घरं

[ड्रोन शॉट: नाला, काठाने चालणारी माणसं, मागे एकसारखी कौलं]

हे अर्वाइन. कॅलिफोर्निया, ऑरेंज काउंटी. लॉस एंजेलिसहून ट्रॅफिक नसेल तर तासाभरात पोचता, आणि ट्रॅफिक नसेल असं इथे होत नाही. खाली नाला दिसतोय तो सॅन दिएगो क्रीक, नाव केवढं मोठं आणि पाणी घोट्याएवढं, पण त्याच्या काठाचा ट्रेल बघा, मोठा रस्ता आडवा आला की हा पुलाखालून निघून जातो, त्यामुळे चालणाऱ्याला सिग्नलला थांबायला लागत नाही आणि चालत राहिलात तर थेट न्यूपोर्टच्या खाडीला लागता. इथे आपले मराठी लोकही बरेच आहेत. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आईबाबा स्वेटर आणि नवेकोरे स्पोर्ट्स शूज घालून सकाळी ट्रेलवर दिसले नाहीत तरच नवल.

ट्रेलवरून घरांची मागची बाजू दिसते. कुंपणावर चढलेली बोगनवेल, झाकून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी, पोरांचं ट्रॅम्पोलीन. आणि आजची आपली गोष्ट त्याच मागच्या बाजूची आहे, फक्त ती कुंपणावरून डोकावून दिसणारी नाही, कारण ती आहे कर्जाची.

आधी हे ट्रेल आले कुठून ते बघू. ही सगळी जमीन एका कुटुंबाची होती, अर्वाइन रँच, आधी मेंढ्या मग संत्री. १९६० च्या दशकात रँचच्या कंपनीने कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला जागा दिली, विल्यम परेरा नावाच्या आर्किटेक्टने भोवतीच्या गावाचा आराखडा काढला, १९६५ ला युनिव्हर्सिटी सुरू झाली, १९७१ ला शहर झालं. आराखडा असा की शहर एकसंध वाढवायचंच नाही, त्याची ‘व्हिलेज’ करायची, प्रत्येकाची शाळा, दुकानं आणि मधून हिरवा पट्टा. वुडब्रिजमध्ये तर दोन तळी खोदून काढली, वर लाकडी पूल. नॉर्थवूडला गेलात तर निलगिरीच्या उंच रांगा दिसतील, त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत हां, वाळवंटाकडून येणाऱ्या जोरदार सांता ॲना वाऱ्यापासून संत्र्याच्या बागा वाचवायला लावल्या होत्या. बागा गेल्या, रांगा राहिल्या, आता त्यांच्या सावलीतून लोक जॉगिंग करतात. १९८८ मध्ये तर लोकांनी मतदान करून मोकळ्या जागा राखायचा करार मंजूर केला, म्हणून क्वेल हिल आणि बॉमर कॅन्यनचे डोंगर आज मोकळे आहेत.

आता ही हिरवळ फुकट नाही. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा, नव्या व्हिलेजमध्ये त्यावर मेलो-रूस नावाचा टॅक्स, १९८२ च्या कायद्यातला, रस्ते-शाळा-पार्कसाठी काढलेल्या रोख्यांची परतफेड घरमालकाकडून. पण लोक देतात, आनंदाने देतात, कारण घराच्या भावात हा ट्रेल आधीच मिसळलेला असतो. भिंतींना काय, भिंती सगळीकडे सारख्याच, भाव आहे तो मागच्या दाराने बाहेर पडलं की काय लागतं त्याला.

आणि इथेच सगळी गंमत आहे. ट्रेल कुणाला विकता येत नाही. पण ट्रेलमुळे वाढलेला भाव मात्र बँकेत नेऊन त्यावर रोख रक्कम उचलता येते, आणि २००२ ते २००६ मध्ये लोकांनी तेच केलं, एकदा नाही, दर दीड-दोन वर्षांनी.

[दृश्य: व्हॉन कारमन अव्हेन्यूवरच्या काचेच्या इमारती]

हे सगळं सोपं कसं झालं? २००३ च्या जूनमध्ये फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर १ टक्क्यावर आणला. दुसरं म्हणजे १९८६ चा टॅक्सचा कायदा, त्याने गाडीच्या कर्जावरची आणि क्रेडिट कार्डावरची व्याजाची सूट काढून टाकली पण घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर ठेवली, म्हणजे सरकारनेच सांगितल्यासारखं झालं की बाबा गाडी घ्यायचीय तर घरावर घे. आणि तिसरं, कर्ज विकणारे इथेच राहत होते. न्यू सेंच्युरी, सबप्राइममधलं, म्हणजे परतफेडीची पत कमी असलेल्यांना कर्ज देण्याच्या धंद्यातलं, देशातलं एक नंबर-दोन नंबरचं नाव, तिचं हेडऑफिस याच रस्त्यावर. २००६ या एका वर्षात तिने ५० अब्ज डॉलरपेक्षा जास्त कर्जं वाटली. अशीच दुसरी कर्ज कंपनी ऑप्शन वन अर्वाइनचीच, तिसरी अमेरिक्वेस्ट शेजारच्या ऑरेंज गावातली. त्यामुळे कर्ज देणारा आणि घेणारा संध्याकाळी एकाच ट्रेलवर कुत्रा फिरवत असणार, हे मी उगाच म्हणत नाहीये, हजारो लोकांच्या नोकऱ्या याच धंद्यात होत्या.

पद्धती मुख्यतः दोन. एक कॅश-आउट रिफायनान्स, म्हणजे जुनं कर्ज फेडायचं, घराच्या आजच्या भावावर नवं मोठं घ्यायचं आणि फरक खिशात. दुसरी हीलॉक, घरावरची क्रेडिट लाइन, हवी तेव्हा काढा, हवी तेवढी काढा, काही बँका तर चक्क त्याचं चेकबुक नाहीतर कार्ड द्यायच्या. घर म्हणजे एटीएम असं लोक म्हणायला लागले ते यावरून. वर ऑप्शन एआरएम नावाचा एक प्रकार, दर महिन्याला हप्ता किती भरायचा ते तुम्हीच ठरवा, सगळ्यात कमी हप्ता व्याजापेक्षाही कमी, उरलेलं व्याज मुद्दलात जमा. हप्ते भरतोय भरतोय आणि कर्ज वाढतंय!

आपल्याकडे पाटल्या गहाण टाकल्या की निदान मनगट रिकामं दिसतं, आई गं कुठे गेल्या म्हणून कुणीतरी विचारतं. इथे घर गहाणावर गहाण पडतं आणि बाहेरून ते उलट जास्तच चकचकीत दिसतं, कारण त्याच पैशाने किचनला ग्रॅनाइट बसलेलं असतं.

एक हिशेब करू, आकडे समजायला घेतलेत. समजा १९९९ मध्ये कुणी ३ लाख डॉलरचं घर घेतलं, ६० हजार स्वतःचे, २ लाख ४० हजार कर्ज. २००४ ला घर झालं ६ लाखाचं, याने रिफायनान्स करून कर्ज केलं साडेचार लाख. २००६ ला भाव साडेसात लाख, मग दीड लाखाची हीलॉक, ती पण पूर्ण वापरली. एकूण देणं ६ लाख. २००९ ला तेच घर ५ लाखाला जातंय. म्हणजे घर विकूनही एक लाख अंगावर. आणि या माणसाने काही म्हणजे काहीच केलं नसतं, नुसता हप्ता भरत बसला असता, तर देणं राहिलं असतं २ लाखाच्या आसपास आणि मंदीच्या तळाशीसुद्धा ३ लाख त्याचे स्वतःचे असते.

२००६ च्या शिखरावर शून्य डाउन पेमेंटने घर घेतलेल्याला फसवलं गेलं, हे मला पटतं. काहींनी हॉस्पिटलची बिलं भरली, कुणी पोरीची कॉलेजची फी. पण १९९९ ला स्वस्तात घर घेऊन सात वर्षांत ते बोटीत, एसयूव्हीत आणि हवाईच्या ट्रिपांत खाऊन टाकलं त्याला नेमकं कुणी फसवलं? त्याचा सण चालू होता, ऋण काढून. अतिफ मियान आणि अमीर सूफी या दोन अर्थतज्ज्ञांनी कर्जाच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरासरी असं निघालं की घराची किंमत एक डॉलरने वाढली की साधारण २५ सेंट कर्ज म्हणून बाहेर येत होते.

व्याजदर २००६ च्या जूनपर्यंत सव्वापाच टक्के झाले. २ एप्रिल २००७ ला न्यू सेंच्युरीने दिवाळखोरीचा अर्ज केला, ३२०० लोक एका झटक्यात घरी. त्याच वर्षी जवळच ग्रेट पार्कमध्ये भलामोठा नारिंगी बलून सुरू झाला, त्यात बसून वरून सगळी वस्ती बघता यायची, टायमिंग बघा.

[दृश्य: सांता ॲना, कोर्टाची पायरी]

पुढचं सगळं इथे, शेजारच्या सांता ॲना शहरातल्या काउंटी कोर्टाबाहेर. हप्ते थांबले की नोटीस, नोटिशीनंतर तीन महिने, मग विक्रीची नोटीस, ती दारावर चिकटवायची, आणि शेवटी जाहीर लिलाव. एक माणूस हातात पॅड घेऊन उभा राहतो आणि घराचा नंबर, पत्ता, सुरुवातीची बोली भराभर एका सुरात वाचतो. समोर गॉगल आणि टोपी घातलेले दहा-बारा जण, खिशात कॅशिअर्स चेक, कानाला फोन. तेव्हा सुरुवातीची बोलीच बहुतेक वेळा घराच्या बाजारभावापेक्षा जास्त असायची, म्हणून कुणी हात वर करायचं नाही, घर बँकेकडे परत, पुढचं घर. एका घराला मिनिटभरही लागत नाही.

लोकांना वाटायचं किल्ली टाकली की सुटलो. कॅलिफोर्नियात घर घ्यायला काढलेल्या मूळ कर्जाचं तसं आहे खरं, बँक घराच्या पलीकडे हात घालू शकत नाही. पण नंतर काढलेल्या हीलॉकचं तसं नाही, घर लिलावात गेलं तरी ती बँक मागे लागू शकते. आणि माफ केलीच तर माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून टॅक्स. २००७ च्या शेवटी सरकारने सूट दिली ती घर घेण्यासाठी किंवा घर सुधारण्यासाठी वापरलेल्या कर्जापुरती, बोटीला नाही.

बाहेरच्या स्वस्त गावांत हे उघड दिसत होतं. पेरिसमध्ये, कॅलिफोर्नियातल्या हां, नगरपालिका रिकाम्या घरांच्या वाळलेल्या लॉनवर चक्क हिरवा रंग मारत होती. केर्न काउंटीत सोडून दिलेल्या स्विमिंग पूलमध्ये डास झाले. अर्वाइनमध्ये भाव त्या मानाने कमी पडले आणि सोसायट्या कडक, त्यामुळे दारावरचा तो कागद सोडला तर ट्रेलवरच्या माणसाला फरक कळला नसता. ज्यांनी कर्ज काढलं नाही ते वर्षानुवर्षं त्याच घरात राहिले, आणि लिलावातून किंवा बँकेकडून ज्यांनी घरं उचलली त्यांना तोच ट्रेल स्वस्तात मिळाला.

आता भाव २००६ च्या कितीतरी वर गेलेत. कॅश-आउट रिफायनान्स थंड आहे, कारण २०२०-२१ मध्ये तीन टक्क्यांनी घेतलेलं कर्ज कोण मोडेल, म्हणून ते तसंच ठेवून वर हीलॉक काढतायत. देशभरातली हीलॉकची थकबाकी २००९ ला ७०० अब्ज डॉलरच्या वर होती, मग बारा-तेरा वर्षं उतरत गेली आणि २०२२ पासून परत चढतीये, २०२५ मध्ये ४०० अब्जाच्या आसपास. आपल्याकडेही ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरनी टॉप-अप होम लोनबद्दल बँकांना टोकलं होतंच, की घराच्या नावाने दिलेला हा पैसा जातो कुठे ते बघा. यावेळी अमेरिकेत बँका उत्पन्नाचे कागद नीट बघतात, घरात मालकाचा हिस्साही बराच सोडायला लावतात, म्हणजे २००६ सारखं नाही. हीलॉकचा व्याजदर मात्र बहुतेक करून बदलता असतो, तेव्हाही होता.