मध्यरात्रीचं मतदान

३ डिसेंबर २०२४. सोल. रात्रीचे साडेदहा वाजत आलेत. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल टीव्हीवर येतात आणि लष्करी कायदा जाहीर करतात. राजकीय हालचालींवर बंदी येते. संसदेच्या फाटकावर पोलीस उभे राहतात. थोड्याच वेळात हेलिकॉप्टरमधून सैनिकही उतरतात.

खासदार घरून निघतात आणि कुंपण चढून आत शिरतात. सभापती वू वॉन-शिकसुद्धा, वयाच्या ६७ व्या वर्षी. आत कर्मचारी टेबलं-खुर्च्या रचून दारं अडवून धरतात.

एवढी धडपड राज्यघटनेच्या ७७ व्या कलमासाठी. एकूण सदस्यांच्या बहुमतानं संसदेनं मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षांना लष्करी कायदा उठवावाच लागतो. ३०० पैकी किमान १५१ मतं हवीत. रात्री एकच्या सुमारास १९० पडली, विरोधात एकही नाही. त्या १९० मध्ये युन यांच्याच पक्षाचे १८ जण होते. कुंपणावर चढणाऱ्यांचे व्हिडिओ जगभर फिरले. खरी बातमी मात्र हे १८ जण होते.

आता बर्लिन, २३ मार्च १९३३. इथे संसदेला कुणी कुलूप लावलं नव्हतं. राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळालेली, म्हणून बैठक क्रोल ऑपेरागृहात भरली. आत गणवेशातले नाझी. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात, नाहीतर भूमिगत. संसदेला वगळून कायदे करण्याची मुभा हिटलर सरकारला देणारं विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी, अगदी रीतसर, मंजूर झालं. विरोधात गेले फक्त सोशल डेमोक्रॅट. मुदत चार वर्षांची होती. १९३७ आणि १९३९ मध्ये ती वाढवून देणारं सभागृह राइशस्टागच होतं. तोवर त्यात एकाच पक्षाची माणसं उरली होती.

अशा रात्री क्वचितच येतात. एरवीचं काम रटाळ असतं: प्रश्नोत्तरं, दुरुस्त्या, हिशेब. ब्रिटनच्या संसदेत सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समिती १८६१ पासून आहे आणि अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. भारतात १९६७ पासून हाच प्रघात आहे. या समितीत सत्ताधारी खासदारही आपल्याच सरकारच्या सचिवांना विचारतात, पैसा गेला कुठे? भारतात या बैठका बंद दाराआड होतात. आमच्या पत्रकारितेच्या धंद्याला हे मान्य करणं जड जातं, पण कॅमेरा नसल्यामुळे खासदार तिथे एकमेकांचं ऐकूनही घेतात.