ट्रकचे ट्रेलिंग आर्म घरच्या घरी

(ट्रक स्टँडवर, मागची चाकं काढलेली, पाटे बाजूला पडलेत)

मागचे पाटे उतरवले की पहिल्यांदा लक्षात येतं की एक्सलला आता कोणीच धरलेलं नाहीये. जॅकवर टेकवलाय म्हणून तो तिथं आहे, पहार लावली तर पुढं-मागं सरकतो, आडवा सरकतो, आणि डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं, तोंड वर-खाली होतं ते वेगळंच. पाटा म्हणजे स्प्रिंग, एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण तो वजनही पेलतो आणि एक्सलला जागेवरही ठेवतो, दोन्ही कामं एकटा करतो. कॉइल स्प्रिंग नाहीतर एअर बॅग (स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा) लावली तर त्यांना वजन पेलण्यापलीकडं काही येत नाही. उरलेलं काम करायला हे ट्रेलिंग आर्म. पुढचं टोक चासीला बुशमध्ये (आत रबर असलेल्या गोल पाइपात), मागचं टोक एक्सलला, आणि चाक वर-खाली झालं की सगळा आर्म पुढच्या बोल्टभोवती फिरतो.

बघायला सोपं वाटतं. दोन लोखंडी दांडे आणि चार बोल्ट, त्यात काय एवढं. पण गाडी पुढं ढकलली जाते ती याच दांड्यांमधून. मागच्या एक्सलवर समजा 1200 किलो वजन आहे आणि टायरची पकड चांगली आहे, तर जोरात पिकअप घेताना टनाच्या आसपास रेटा या आर्ममधून चासीत जातो, ब्रेक मारला की तोच रेटा उलटा, आणि त्याच वेळी एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो ते वेगळं. म्हणून नुसते खालचे दोन आर्म पुरत नाहीत, एक्सलला फिरण्यापासून अडवायला वरून पण काहीतरी लागतं, नाहीतर आर्म एक्सलला घट्ट आवळून टाकावे लागतात.

घट्ट आवळायचा प्रकार जुना आहे. शेवरोलेच्या 1960 ते 1972 मधल्या सी-10 पिकअप बऱ्याचशा मागून कॉइल स्प्रिंगवर होत्या, आणि त्यांचे ते लांबलचक आर्म एक्सलला यू बोल्टने सरळ आवळलेले असायचे, पुढं दोन्ही आर्म गाडीच्या मध्याकडं एकमेकांच्या जवळ येतात, आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड, म्हणजे चासी आणि एक्सलला जोडणारा आडवा दांडा. ही मांडणी इतकी टिकली की नॅसकार या अमेरिकेतल्या कार रेसच्या सगळ्यात वरच्या मालिकेत 2021 च्या सीझनपर्यंत गाड्या यावरच पळत होत्या, 2022 ला नवीन गाडी आली तेव्हा कुठं मागं इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं.

(क्लोजअप : जुन्या आर्मचं कापलेलं टोक, आय सारखा आकार)

आता अशा आवळलेल्या आर्मचा हा तुकडा नीट बघा. दोन चॅनेल (एका बाजूने उघड्या लोखंडी पट्ट्या) पाठीला पाठ लावून जोडलेत, मधे पोकळ डबा नाहीये. बरेच जण हे बघून म्हणतात की कंपनीने पैसे वाचवले, आपण मस्त जाड चौकोनी पाइपचा बनवू, दुप्पट मजबूत होईल. आणि इथंच गोची होते. बुटांचा खोका घ्या, झाकण न लावता पिळा, आरामात पिळतो. झाकण चिकटवून पिळा, हलत नाही. चॅनेल हा बिनझाकणाचा खोका आणि चौकोनी पाइप हा बंद खोका. एक चाक उंचवट्यावर चढलं आणि दुसरं खाली राहिलं की एक्सल तिरका होतो, आर्म एक्सलला आवळलेला असल्यामुळं त्याला पिळवटावंच लागतं, दुसरा रस्ताच नाही. चॅनेलचा आर्म वाकत नाही पण पिळतो, म्हणून चालतं. तिथं पाइप लावला तर दोन्ही आर्म आणि एक्सल मिळून एक जाडजूड अँटी रोल बार (दोन्ही चाकांना वेगवेगळं वर-खाली होऊ न देणारा दांडा) तयार होतो, मागचा भाग दगडासारखा कडक, आणि मग ताण जातो कुठं तर ब्रॅकेटच्या वेल्डिंगला किंवा चासीला. आर्म शाबूत, चासीला क्रॅक.

म्हणून प्लेट कापायच्या आधी ठरवायचं की हा पीळ कोण सोसणार. या ट्रकवर आर्म बंद डब्याचेच आहेत, पण टोकांना गोल फिरणारे जॉइंट आहेत, म्हणजे पीळ जॉइंट घेतो, आर्मला त्याचं काही देणंघेणं नाही. आणि एक्सल फिरू नये म्हणून वरून दोन तिरके रॉड, पुढं एकमेकांपासून लांब आणि मागं डिफरन्शियलजवळ एकत्र येणारे. तिरके असल्यामुळं आडवं सरकणं पण तेच अडवतात, पॅनहार्ड रॉड लागत नाही.

पुढचा प्रश्न स्प्रिंगचा. स्प्रिंग एक्सलवर उभी केली तर आर्मला फक्त ढकलणं-ओढणं सोसायचं असतं, तिथं साधा जाड पाइप पण चालतो. पण वाळवंटातल्या रेसच्या ट्रकसारखी आर्मवर बसवली तर हिशोब बदलतो. आर्म 1 मीटर लांब, चाकावर 600 किलो, आणि स्प्रिंग बरोबर मधे, तर स्प्रिंगला 1200 किलो धरावे लागतात आणि आर्म मधोमध वाकायला बघतो. तीच स्प्रिंग मागं 70 सेंटिमीटरवर नेली की 857 किलोत भागतं आणि वाकवणारा जोर जवळपास 40 टक्के कमी. हे सगळं गाडी उभी असताना बरं का, खड्ड्यात आपटल्यावर आकडे कितीतरी पट होतात. म्हणूनच असले आर्म स्प्रिंगच्या जागी पोटाला फुगलेले आणि टोकांकडं निमुळते असतात, ती डिझाइनची हौस नाहीये.

(ठिणग्या, मग टेबलावर चार कापलेल्या प्लेटी)

आधी पुठ्ठ्यावर आकार काढून तो जागेवर धरून बघितलाय, टायरला लागतो का, सायलेन्सरला लागतो का. मग 5 मिलिमीटरची प्लेट. चारही बाजूच्या प्लेटी एकावर एक क्लॅम्प करून भोकं एकदमच पाडायची, कारण डावा आणि उजवा आर्म भोकापासून भोकापर्यंत सारखा नसला तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. जिग म्हणजे काय तर एक जाड सपाट टेबल आणि त्यावर पक्के केलेले दोन बोल्ट. दोन्ही आर्म त्याच जिगवर, टेबल हलवायचं नाही.

वेल्डिंग सलग मारत सुटायचं नाही. आधी सगळीकडं टाके, मग दोन बोटांएवढा तुकडा इकडं, तेवढाच पलीकडं, गार होऊ द्यायचं, नाहीतर आर्म केळ्यासारखा होतो. बुशचा रबर आधी काढलेला पाहिजे, आणि त्या गोल पाइपात तंतोतंत बसणारा एखादा शाफ्टचा तुकडा घालून ठेवला तर पाइप अंडाकृती होत नाही. आणखी एक, आर्मची खालची प्लेट ताणली जाते, स्प्रिंग वरून दाबत असल्यामुळं, त्यामुळं तिथं आडवी वेल्डिंग नको आणि केबल बांधायला म्हणून भोकं तर अजिबात नको. क्रॅकची सुरुवात तिथूनच होते. एक्सलवर ब्रॅकेट लावताना पण हीच सबुरी, एक्सलचा पाइप एका बाजूने तापला की वाकतो, आणि वाकलेला डोळ्यांना दिसत नाही, बेअरिंगला कळतं.

(जॅक हळूहळू वर जातोय, एक्सलवर अँगल मोजायचा मीटर)

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि बघायला सगळ्यात कंटाळवाणा. स्प्रिंग काढलेली आहे, सगळे जोड फक्त टाक्यांवर आहेत, आणि एक्सल जॅकने पार खालपासून पार वरपर्यंत न्यायचा, दर पाच सेंटिमीटरला थांबून डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन लिहायचा. आर्म गोलात फिरतो म्हणजे एक्सल वर जाताना पुढं पण येतो. 1 मीटरचा आर्म आडवा असेल आणि चाक 15 सेंटिमीटर वर गेलं तर एक्सल साधारण 11 मिलिमीटर पुढं, 30 सेंटिमीटर गेलं तर 46. दुप्पट हालचालीला चौपट! तेवढी जागा प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याच्या) सरकणाऱ्या तुकड्यात असली पाहिजे, नसली तर शाफ्ट गिअरबॉक्सवर आदळतो. ब्रेकचा होज पण इथंच बघायचा, एक्सल पूर्ण खाली लोंबकळताना तो ताणला जात असेल तर मोठा घ्यायचा. मग एक बाजू वर आणि एक खाली, परत सगळं बघायचं. कुठं अडकलं तर ब्रॅकेट काढायचं, टाकाच आहे, ग्राइंडर लावला की सुटतो.

बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला पाहिजे, एकाच कानाला लटकवलेला नाही, आणि जिथं कापला जायचा जोर येतो तिथं आटे नकोत, गुळगुळीत भाग पाहिजे. रबरी बुश असतील तिथं शेवटचा टाइट गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. हवेत लटकत असताना दिला तर गाडी खाली टेकल्या टेकल्या रबर पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

(ट्रक अंगणात हळू फिरतोय, मग परत स्टँडवर)

पहिली चक्कर हळू, वळणं, ब्रेक, एखादा उंचवटा. नंतर परत खाली घुसून प्रत्येक बोल्टला टॉर्क पाना लावायचा, आणि नटावरून बोल्टवर मार्करने एक रेघ ओढायची, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रंग अजून मारलेला नाहीये, थोडं चालवून झाल्यावर वेल्डिंगच्या कडा तारेच्या ब्रशने घासून टॉर्च मारून बघायच्या आहेत, आणि मग रंग, तो पण फिकट, काळ्यात क्रॅक दिसत नाही.